यंत्राचा नंबर

अर्ज टेबलावर आहे.
मुबारक तडवी, वय एकतीस, मोटार रिवाइंडिंग, फैजपूर.
'पूर्वी विनापरवाना प्रक्षेपण केले आहे काय?'
या रकान्यात त्याने 'होय' लिहिलंय
आणि खाली दोनदा रेघ ओढलीय,
गणिताचं उत्तर बरोबर आल्यासारखी.

भुसावळातली मे महिन्याची दुपार.
क्लबच्या खोलीत कूलर नुसताच आवाज करतो.
झोपे म्हणतात, चोर तो चोर.
आपण परीक्षेला बसलो, नापास झालो, पुन्हा बसलो,
चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा पाजला,
आणि हा मागच्या दाराने शिरला,
त्याला आता पुढून घ्यायचं?
नारखेडेबाई म्हणतात, मागून शिरला,
कारण पुढचं दार दिल्लीत आहे.

मी काही म्हणत नाही. मी अध्यक्ष आहे.

वासुदेव फालक गेले त्या दिवाळीनंतर
वहिनींनी त्यांचं यंत्र भंगारात दिलं, किलोवर.
ट्रान्सफॉर्मरमुळे वजन भरलं म्हणे.
आणि जानेवारीत, रात्री सव्वाअकराला,
चाळीस मीटरवर मला फालकांचा कॉलसाइन ऐकू आला.
वादळात केळीला टेकू असतो,
तसं टेबल तेवढं होतं माझ्या हाताखाली.

हात त्यांचा नव्हता.
फालक डॅश ओढायचे, रेल्वेच्या तारखात्यातली खोड,
शेवटच्या अक्षरावर रेंगाळायचे,
चपला घालता घालता बोलणाऱ्या पाहुण्यासारखे.
हा हात मोजत होता,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

खोट्या खुणेला उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे.
मी उत्तर दिलं.
त्याने हवा विचारली. मी म्हटलं, थंडी.
तोही म्हणाला, थंडी.
फैजपूर ते भुसावळ अंतर ते किती,
एकच थंडी दोघांना.
अशा अकरा रात्री.
माझ्या वहीत त्या अकरा ओळी कोऱ्या आहेत.

बाराव्या रात्री त्याची एकही चूक झाली नाही.
आणि मला राग आला:
फालकांच्या नावावर कोणीतरी
फालकांपेक्षा चांगलं वाजवत होतं.
सकाळी मी पत्र लिहिलं. रजिस्टर्ड, पोचपावतीसह.
जीप आली, यंत्र गेलं.
दंड त्याने तीन मोटारींचे पैसे आगाऊ घेऊन भरला.
पत्र कोणाचं, हे त्याला माहीत आहे का,
मी विचारलेलं नाही.

हवेचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही,
म्हणून तर नियम लागतात,
असं मी नव्या पोरांना दरवर्षी सांगतो.
आजही सांगेन. ते खोटं नाही.

झोप्यांनी विचारलं, मेलेल्या माणसाचा कॉलसाइन का लावलास?
'साहेब, खोक्यावर पट्टी चिकटेल होती.
मले वाटलं, गाडीले नंबर राह्यतो
तसा यंत्राले राह्यत असन.
गाडी इकली तरी नंबर तोच ना?'
झोपे हसले. मग बराच वेळ
पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत बसले.

त्याने पिशवीतून एक वही काढली,
केळीच्या घडाला घालतात त्या निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
फालकांचं लॉगबुक.
जप्तीत गेलं नव्हतं; 'ते काही यंत्र नाही ना,' म्हणाला.
फालकांच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ,
रेघेखाली त्याच्या अक्षरात अकरा तारखा,
आणि 'कोणाशी' या रकान्यात
अकरा वेळा मी.

झोपे कूलरला चापट मारायला उठले
तेव्हा तो हळूच म्हणाला,
'हे पान फाळू का, साहेब?'

नको म्हटलं.
वही झोप्यांच्या खुर्चीसमोर उघडी ठेवली
आणि खिसे चाचपले. पेन नव्हतं.
मुबारकने त्याचं दिलं,
टेस्टरशेजारी अडकवलेलं, गळकं.
अर्जावर माझी सही
जरा पसरली आहे.